नाटकघरात मी उभी राहिले त्याबद्दल

वेस्ट रिव्हर, मेरीलँड
नववा महिना, तारीख ३, १७७१

अमोस,

तुझं पत्र पोचलं. सात वर्षांनी लिहिलंस आणि पहिल्याच ओळीत काम सांगितलंस, ते मला आवडलं. नमनाला घडाभर तेल मलाही जमत नाही. मी बरी आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगून टाकते.

काम काय, ते मला कळलं तसं परत लिहिते. चुकलं असेल तर कळव.

तुझी पोरगी टेसी फिलाडेल्फियाला टोप्या शिवायला गेली आणि तिथून नाटकवाल्यांबरोबर निघून गेली. ते नाटकवाले आता घोड्यांच्या शर्यतींसाठी ॲनापोलिसला उतरणार आहेत, आणि ॲनापोलिस माझ्या घरापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. म्हणून मी आणि आमच्या क्वेकर सभेनं नेमलेली फीबी हार्कर, अशा दोघींनी जाऊन तिला गाठायचं. तू पाठवलेला कागद तिच्यापुढे ठेवायचा. त्यात लिहिलंय, नाटक हा सगळा खोटेपणा आहे, माझं चुकलं, मला पस्तावा होतोय. तिनं सही केली, खाली आम्ही दोघींनी साक्ष घातली, की तो कागद तुमच्या सभेत वाचतील आणि ती पुन्हा आपल्यातली. नाही केली तर पुढच्या महिन्यात तिचं नाव कापतील. मग ती तुझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही, असं तू लिहिलंयस. त्या ‘नाही’खाली रेघ मारलीयस.

आता दुसरं. तुझ्या हॅनाला मागच्या हिवाळ्यात झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. हे तू अगदी शेवटी लिहिलंस, गाय आटली म्हणून लिहावं तसं. मी ते दोनदा वाचलं. मग बाहेर जाऊन दुधाची भांडी घासली, ती घासलेलीच होती.

हॅनाची वाचा गेली. प्रार्थनेला आपली अख्खी सभा तासन्‌तास गप्प बसायची आणि हॅना बोलायला उठेल का म्हणून दूरदूरची माणसं बाकावर सरसावून बसायची. तो तिचा आवाज, अर्धा बोलणं अर्धा गाणं, चढावर चढून उतारावर आल्यासारखा. आणि आता काही नाही.

वर तू लिहितोस, टेसीला हे सांगायचं नाही. आईची कीव येऊन सही केली तर तो पस्तावा नव्हे. तुझं डोकं लहानपणापासून असंच चालतं. तुझ्या म्हणण्यात खोट काढता येत नाही आणि माणूस मात्र मधल्यामध्ये भरडून निघतो. गिरणीवाला आहेस, शोभतं.

मी जाईन. टेसीसाठी आणि हॅनासाठी. तुझ्यासाठी नाही. बेंजामिनच्या थडग्यावरचा दगड तू मला काढायला लावलास, ते मी विसरले नाही. आपल्यात थडग्यावर खूण ठेवत नाहीत, मलाही ठाऊक आहे. मी काही नाव कोरलं नव्हतं. शेतातला धोंडा होता, माझा नवरा नेमका कुठे पुरलाय ते मला कळावं म्हणून. तो आता माझ्या चीजच्या साच्यावर दाब म्हणून असतो. चीज छान घट्ट होतं.

केझाया


ॲनापोलिस
नववा महिना, तारीख १८

अमोस,

तुझं उत्तर मिळालं. ‘सगळं बरोबर आहे’, एवढंच. ठीक.

काल इथे पोचलो. गाव माणसांनी फुटायला आलंय. घोडे, पैजा, कोंबड्यांच्या झुंजी, रस्त्यात कालवांच्या शिंपल्यांचे ढीग. आम्हाला एका विधवेकडे माळ्यावर जागा मिळाली. फीबी सारखी नाकाला रुमाल लावून आहे. वय सत्तावीस आणि तोंड सत्तरीचं. मी तिला म्हटलं, पाप नाकातून आत शिरत नाही. ती म्हणाली, केझाया, तू फार हलकं बोलतेस.

टेसी सापडली. केसांचे टोप विणणाऱ्या एका माणसाच्या दुकानावर खोली घेऊन राहते, कंपनीतल्या आणखी दोघींबरोबर. मला वाटलं होतं पोरगी सुकली असेल, नाहीतर रंगवलेली तरी असेल. दोन्ही नाही. जाड झालीय. खिडकीत बसून कुणा राजाच्या झग्याला ठिगळ लावत होती. मला बघून उठली, सुई तोंडात तशीच. मग सुई काढली आणि म्हणाली, “आत्या, तू म्हातारी झालीस.” मी म्हटलं, तू जाड झालीस. झालं, इतकंच. रडारड नाही.

फीबीनं लगेच कागद काढला. टेसीनं तो नीट वाचला, सावकाश, तू धान्याचा नमुना बघतोस तसा. मग मला विचारलं, “हे तू वाचलंस?”

म्हटलं, वाचलं.

“खाली साक्ष तू घालणार?”

म्हटलं, मी आणि फीबी.

“तू नाटक बघितलंयस कधी?”

मी कुठून बघणार?

“मग खोटेपणा आहे हे तुला कुणी सांगितलं?”

फीबी म्हणाली, आग भाजते हे कळायला हात घालावा लागत नाही. टेसी म्हणाली, बरोबर आहे, पण साक्ष घालणाऱ्यानं निदान धूर तरी बघितलेला असावा. मग ती माझ्याकडे वळली. “आत्या, तू न चाखता चीज विकत घेतेस? ये, एकदा बस, सगळं बघ. बघून आल्यावर म्हण की हे खोटं आहे, मी त्याच दिवशी सही करते. वाद घालणार नाही.”

अमोस, मला यात काही वावगं दिसलं नाही. तुला दिसेल.

जाताना तिनं जिन्यात मला विचारलं, आई अजून सभेत बोलते का. मी तुझं ऐकलं. काही बोलले नाही. पायरी बघत खाली उतरले. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं स्वतःला सांगितलं. ते काही गळी उतरलं नाही. तिला वाटलं, मी रागावलेय.

फीबी म्हणते, नाटकघरात पाऊल टाकलंस तर तुझ्यावरच दोन बायका नेमाव्या लागतील. म्हटलं, नेमा. येताना चीजची पिशवी आणायला सांग, रिकाम्या हातानं पाठवत नाही मी कुणाला.

खरं सांगू का? मला बघायचंच आहे. आपल्या घरात या गोष्टीसाठी इतका गदारोळ झाला, आणि ती काय आहे हे आपल्यातल्या एकालाही ठाऊक नाही. उद्या जाते.

केझाया


ॲनापोलिस
नववा महिना, तारीख २०

अमोस,

बसून वाच. तुझी ती खोकल्याच्या काढ्याची वाटी जवळ ठेव.

नाटक सहाला, मी चारलाच गेले. सभेला लवकर जायची सवय. बघते तर आत आधीच माणसं बसलेली, आणि बहुतेक सगळी काळी. मला वाटलं, वा, बरं आहे, इथे पुढची जागा यांना देतात. मग कळलं, बड्या बायका आपल्या गुलामांना दुपारीच पाठवतात, जागा धरून बसायला. मालकीण आली की यांनी उठायचं आणि वरच्या माळ्यावर जायचं. गुलाम सोडून द्यावेत म्हणून आपल्या सभांतून जे चाललंय ते तुला माहीत आहे. मी आता त्यात शिरत नाही.

माझी जागा खालच्या बाकांवर, दुसऱ्या रांगेत. कडेच्या बॉक्समध्ये, म्हणजे बड्यांच्या आखून ठेवलेल्या जागेत, फिलिस नावाची एक बाई जागा धरून बसली होती, माझ्याच वयाची. तिनं माझी करडी टोपी बघितली आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “बाई, तिथे बसू नका. वर बघा.”

वर लाकडी कड्यावर मेणबत्त्या.

“चरबीच्या आहेत. तिसऱ्या अंकापर्यंत तुमच्या डोक्यावर एक नवी मेणबत्ती तयार होईल.”

मी सरकले. तिला विचारलं, तू खूप नाटकं बघितलीस का. म्हणाली, सगळी. पण आमची बाई पहिला अंक संपता संपता येते. म्हणून मला सुरुवाती जवळून दिसतात आणि मरणं लांबून. आणि हसली. दात नव्हते फारसे.

पहिलं नाटक राजांचं. सगळे एकमेकांवर ओरडतात आणि मग मरतात. मेलेल्या राजाचं पोट वर-खाली होत होतं, मी बघितलं. एका मेलेल्यानं नाक खाजवलं. मी मनात म्हटलं, फीबी, तू जिंकलीस, हे खोटंच आहे, आणि वर भिकार आहे. टेसी त्यात दासी होती. तबक घेऊन आली, ठेवलं, गेली. तबक चांगलं ठेवलं.

मग मध्ये वादन झालं. तीन व्हायोलिनं आणि एक मोठं, गुडघ्यात धरून वाजवायचं. अमोस, आपल्याला संगीत वर्ज्य का, ते मला आता थोडं कळलं. माझा उजवा पाय आपला आपला हलायला लागला. मी त्यावर डावा ठेवला. मग दोन्ही हलायला लागले.

आणि मग दुसरं, हसवायचं. गाण्याचं नाटक. बोलता बोलता माणसं गायला लागतात आणि कुणाला त्यात नवल वाटत नाही. गोष्ट साधी. एक क्वेकर गिरणीवाला, त्याची पोरगी, आणि पोरगीला हवा असलेला एक खलाशी. बाप हो म्हणत नाही. तोच तिथला विनोद, बापानं नाही म्हणायचं. प्रत्येक ‘नाही’ला लोक पोट धरून हसतात.

बाप झालेला माणूस म्हणजे बार्नबी क्रोक, या कंपनीचा मालक. तो रुंद काठाची टोपी घालून आला. घसा खाकरला. दोन अंगठे जाकिटात घातले. मग बसायच्या आधी बाक तळहातानं पुसला. एकदा. मग वाकून बघितलं आणि पुन्हा पुसला.

अमोस, तो तू होतास. डावी भुवईसुद्धा तुझी. तो खलाशाला म्हणाला, “मित्रा, मी तुझ्यावर रागावलेलो नाही, मी फक्त तुला कधीही क्षमा करणार नाही.” मी इतकी हसले की शेजारच्या माणसानं मला त्याची तपकीर देऊ केली.

तुला राग येईल. येऊ दे. पण हे समजून घे, की तो माणूस तुला भेटलेला नाही. बाक पुसायचं त्याला टेसीनंच शिकवलं असणार. दीड वर्ष ती परक्या गावांतून फिरतेय आणि तुझा बाक सोबत घेऊन फिरतेय. मी इकडे तुझ्यापासून चार दिवसांच्या वाटेवर राहून तुझं काहीसुद्धा जवळ ठेवलं नव्हतं.

आता मुख्य.

बाप शेवटचं नाही म्हणतो. पोरगी रंगमंचाच्या मध्ये येते. टेसी. आपलाच करडा फ्रॉक, आपलीच टोपी. ती गुडघ्यावर बसली. लोक आधीच हसायला लागले होते, कारण क्वेकर पोरगी प्रार्थना करणार म्हणजे नाकात बोलणार, हे त्यांना ठाऊक. ती लगेच बोलली नाही. थांबली. आपल्या सभेत थांबतात तसं थांबली. हसणं आपोआप विरलं. एक जण खोकला, तोही थांबला.

मग ती बोलली. “आमची तोंडं मिट, म्हणजे आम्हाला ऐकू येईल.”

हॅना कायम याच वाक्यानं सुरुवात करायची. पण मी वाक्याचं म्हणत नाही. आवाज. तो चढ, आणि तिथे वर गेल्यावर ते किंचित थरथरणं, आणि मग उतार. डोळे मिटले असते तर मी चेस्टरला आपल्या बाकावर असते, बायकांच्या बाजूला, शेकोटीपासून तिसरी.

आणि मी उठून उभी राहिले.

मी ठरवलं नव्हतं. पायांनी ठरवलं. जन्मापासून तेच केलंय. कुणी गुडघे टेकून प्रार्थनेला लागलं की आपण उठतो.

एकदम हशा पिकला. त्यांना वाटलं मी नाटकातलीच आहे, खरी टोपी घातलेली म्हातारी मुद्दाम खाली बसवलीय. मागून कुणी ओरडलं, खाली बस गं आजी, मागच्यांना दिसत नाही. संत्र्याचं साल येऊन खांद्याला लागलं. बसावं असं वाटलं, पण प्रार्थना मध्यावर असताना कुणी बसतं का? तसं बसणं म्हणजे तोंडावर सांगणं, की ही प्रार्थना मला मान्य नाही. मी ते कुणालाही कधी केलेलं नाही. मग हॅनाच्या आवाजाला करू?

टेसीनं मला बघितलं. आवाज एका जागी अडखळला, आणि पुन्हा चालू लागला.

आणि तो क्रोक. बाक पुसून झाला होता, बसायला अर्धा वाकला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. बसला नाही. ताठ झाला आणि टोपी काढून छातीशी धरली. आपले पुरुष प्रार्थनेला काढतात तशीच, राजासमोरही काढत नाहीत ती टोपी. अमोस, तुझा तोंडवळा घेतलेला तो माणूस पोरगीच्या प्रार्थनेला उघड्या डोक्यानं उभा होता. नाटकघर गप्प झालं. इतकं गप्प, की मेणबत्तीची चरबी बाकावर पडलेली ऐकू आली.

प्रार्थना संपली. मी बसले. तिनं पुढे पद गायचं असतं. व्हायोलिनांनी सुरुवात केली, ती गायली नाही. त्यांनी पुन्हा केली. तिसऱ्यांदा ती गायली, आणि बरी गायली, असं वाटतं. मला त्यातलं काय कळतं.

बाहेर पायऱ्यांवर फिलिस कंदील घेऊन बाईची वाट बघत उभी होती. तिनं विचारलं, मध्येच उभ्या का राहिलात? मी सांगितलं, आमच्यात प्रार्थनेला उठतात, बसून राहिलं तर ती प्रार्थना नाकारली असं होतं. तिनं मान हलवली. “मला वाटलं, मानेवर चरबी पडली.”

मग म्हणाली, “पण ती तर नाटकातली प्रार्थना होती ना?”

मी कालपासून याचं उत्तर शोधतेय. तुला सुचलं तर लिही.

केझाया


नॉर्थ ईस्ट गाव, वाटेत
नववा महिना, तारीख २५

अमोस,

हे पत्र घोडेस्वाराबरोबर पुढे पाठवतेय, म्हणजे आमच्या आधी पोचेल. ‘आमच्या’ म्हणजे कोण, ते सांगते.

नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टेसीकडे गेलो. तोवर फीबीला सगळं कळलं होतं, घरमालकिणीकडून, आणि त्यात मी रंगमंचावर चढले आणि क्रोकच्या थोबाडीत मारली असंही होतं. मी म्हटलं, चढले नाही. मारली नाही. उभी राहिले. ती म्हणाली, तेच सगळ्यात वाईट. तिनं सभेला लिहिलंय. मी म्हटलं, लिही, फक्त माझं नाव नीट लिही, मागच्या वेळी ‘केझिया’ केलं होतंस.

क्रोकही तिथेच होता, टेसीशी कसल्या तरी वेळेवरून हुज्जत घालत. टोपीशिवाय तो तुझ्यासारखा अजिबात दिसत नाही, साधा टकला माणूस आहे. मी त्याला विचारलं, तू टोपी का काढलीस. म्हणाला, “बाई, तुमचा चेहरा बघितला. मला वाटलं, आता ही वर येते आणि मला मारते. टोपी काढली की माणूस गरीब दिसतो.” हे खरं का खोटं, मला कळलं नाही. नटाचं कळत नाही, ही तक्रार मी मान्य करते.

टेसी रात्रभर झोपलेली दिसत नव्हती. मी तिला विचारलं, ती प्रार्थना कुणी लिहून दिली. ती म्हणाली, पुस्तकात नुसतं एवढंच आहे, पोरगी गुडघे टेकून प्रार्थना करते. क्रोकनं सांगितलं, काहीही म्हण, नाकात म्हण, लोक हसले पाहिजेत.

“मला दुसऱ्या कुणाची येतच नाही, आत्या. आईचीच येते. पहिल्या रात्री लोक हसले आणि मीही आतून हसले, खोटं कशाला सांगू. आईची नक्कल मी लहानपणी कोठीत करायचे. दुसऱ्या रात्री हसू आलं नाही. आता मी तिथे पोचले की मला पुढचं पद आठवत नाही.”

मग तिनं सरळच विचारलं. “तू का उठलीस?”

आता सांग, मी काय करणार होते? तू मला न सांगायला सांगितलं होतंस, खोटं बोलायला नव्हे. जिन्यात तिनं विचारलं तेव्हा पायऱ्या होत्या. इथे पायऱ्या नव्हत्या. मी म्हटलं, हा आवाज आता फक्त तुझ्याकडे उरलाय.

सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं, उजवी बाजू की डावी. मी म्हटलं, उजवी. ती म्हणाली, म्हणजे हात धरायला डावीकडे बसायला हवं. आणि मग हात पुढे केला. “तो कागद दे. सही करते. आत्ता.”

फीबीनं कागद आणि दौत काढायला तेवढाही वेळ घेतला नाही. तयारच होती. आणि अमोस, मी तो कागद तिच्या हातातून घेतला.

तू म्हणाला होतास, आईची कीव येऊन केलेली सही नको. बघ, तुझी अट मी पाळली. तुझ्या अटी पाळणारी मी एकटीच उरलेय. आणि दुसरं, साक्ष मला घालायची होती. त्यात लिहिलंय, सगळं खोटं. राजांचं नाटक खोटं होतं, हे मी कुठेही सांगेन, त्याचं पोट हलत होतं. पण दुसऱ्यात मी उठले. जे खोटं म्हणून लिहून द्यायचं, त्यालाच मी आधी उभं राहून हो म्हटलंय, भर गावासमोर, संत्र्याचं साल अंगावर घेऊन. आता खाली सही घातली तर त्या खोलीत खोटं बोलणारी मीच.

टेसी माझ्यावर ओरडली. म्हणाली, तुझ्या एका सहीनं मी घरात जाऊ शकते. मी म्हटलं, घरात तू माझ्याबरोबर जाशील. दाराचं काय करायचं ते दाराशी बघू.

म्हणून आम्ही निघालो. फीबी परत गेली. क्रोकनं टेसीला रजा दिली, कंपनी फिलाडेल्फियाला पोचेपर्यंत. मी तिला वाटेत विचारलं, मग तू त्यांच्यात परत जाणार का. म्हणाली, हो. तुला आवडेल असं उत्तर तिला देता आलं असतं, गाडीत ऐकायला मी एकटीच होते. दिलं नाही. तुझीच पोरगी आहे.

आम्ही परवा संध्याकाळपर्यंत पोचू. मी चीज आणतेय, हॅनासाठी. मऊ ठेवलंय, गिळायला सोपं. बाहेरून तुझाच कागद गुंडाळलाय, चांगला जाड होता. दगड मात्र घरीच आहे. तो मी परत जाऊन जिथला तिथे ठेवणार आहे, तुला आधीच सांगून ठेवते.

तू दार उघडशील का, हे मी विचारत नाही. उघडलं नाहीस तर मागे दुधाच्या खोलीची खिडकी आहे, ती मला लहानपणापासून माहीत आहे, आणि तुलाही.

मी एवढंच लिहिते, की काय होणार ते तुला आधी ठाऊक असावं. टेसी आत येईल, तुझ्याशी बोलणार नाही, सरळ हॅनाच्या खाटेपाशी जाईल. डाव्या बाजूला गुडघे टेकेल. थोडा वेळ काही बोलणार नाही. मग तो आवाज येईल. हॅनाला तो ऐकू येईल, तिचे कान शाबूत आहेत असं तूच लिहिलंयस. मी उठेन. मला विचार करावा लागणार नाही.

तुला लागेल, बसायचं की उभं राहायचं याचा. तू घसा खाकरशील, भिंतीकडच्या बाकापाशी जाशील आणि सवयीनं तो पुसायला घेशील.

एकदा पुसलास तर चालेल.

केझाया